यातले नवे कोणते?

२७ ऑक्टोबर १९८० रोजी अर्पानेट काही तास निकामी झाले. तारा शाबूत होत्या, यंत्रे चालू होती. किंबहुना नेहमीपेक्षा जास्तच राबत होती. फक्त कुणाचा निरोप कुणाला पोचत नव्हता. अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशावर उभे राहिलेले हे जाळे आजच्या इंटरनेटचे पूर्वज. त्याचा तांत्रिक कारभार मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजहून ‘बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन’ ही कंपनी पाहत असे. तिच्या माणसांनी यंत्रांच्या पोटात डोकावून पाहिले, तेव्हा जिथे तिथे एकच प्रकार दिसला. प्रत्येक यंत्र ५० क्रमांकाच्या यंत्राची ताजी खबर शेजाऱ्यांना कळवण्यात गुंतले होते. एक खबर कळवून होते न होते तोच तिच्यापेक्षा ताजी दुसरी हजर. ती कळवावी तर तिसरी. आणि तिसरी झाली की पहिलीच पुन्हा ‘नवी’ होऊन दारात उभी.

बंद करून पुन्हा चालू करणे हा आपला सगळ्यांचा हुकमी इलाज. तोही लागू पडेना. एखादे यंत्र कोऱ्या मेमरीनिशी उठले की शेजारी तत्परतेने त्याला त्याच खबरा देत आणि तेही त्याच चरकात सापडे. खबरा एकूण तीनच होत्या. त्यांचे क्रमांक होते ८, ४० आणि ४४.

या तीन आकड्यांनी पुढची कित्येक वर्षे राउटिंगवर काम करणाऱ्यांचा पिच्छा पुरवला. आज बँका, विद्यापीठे, टेलिफोन कंपन्या आणि कारखाने यांच्या अंतर्गत जाळ्यांत जो ‘ओएसपीएफ’ नावाचा प्रोटोकॉल सर्रास चालतो, त्याच्या दस्तऐवजातली बरीचशी कलमे या तीन आकड्यांच्या धास्तीतून आलेली आहेत. प्रोटोकॉल प्रमाणित झाला म्हणजे चार विद्वानांनी बसून एक आदर्श नियमावली लिहिली, अशी आपली समजूत असते. जवळून पाहिले तर ती अपघातांची जंत्री निघते, फक्त नियमांच्या भाषेत लिहिलेली.

आधी राउटिंग म्हणजे काय ते पाहू. जाळ्यातून जाणारा मजकूर छोट्या पॅकेटांत तोडलेला असतो. वाटेतला प्रत्येक राउटर पॅकेटवरचा पत्ता वाचतो आणि ते कोणत्या तारेवर ढकलायचे हे ठरवतो. म्हणजे कुठल्या पत्त्याला कुठली तार, याचा तक्ता राउटरपाशी हवा. तारा तुटतात, यंत्रे बंद पडतात, नवी जोडली जातात. त्यामुळे हा तक्ता माणसाने हाताने भरून भागत नाही. राउटरांनी आपापसात बोलून तो भरायचा आणि सतत दुरुस्त करत राहायचा. हे बोलणे कोणत्या शब्दांत, किती वेळाने, आणि उत्तर आले नाही तर काय करायचे, या सगळ्याचा करार म्हणजे राउटिंग प्रोटोकॉल.

अर्पानेटवरची पहिली पद्धत सोपी होती. प्रत्येक यंत्र शेजाऱ्याला सांगे, की अमुक ठिकाणी पोचायला माझ्याकडून इतका वेळ लागतो. शेजारी त्यात आपला वेळ मिळवून पुढच्याला सांगे. जाळे कसे दिसते हे कुणालाच ठाऊक नसे. प्रत्येक जण शेजाऱ्याच्या शब्दावर विसंबून. एकाने खोटे सांगितले तर? १९७० च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठातल्या यंत्राची मेमरी बिघडली आणि ते सगळीकडचे अंतर शून्य सांगू लागले. झाले! दूरदूरची पॅकेटे हार्वर्डकडे धावत सुटली आणि तिथेच गडप होऊ लागली. शिवाय या पद्धतीत चांगली बातमी झटकन पसरे आणि वाईट बातमी रखडत पसरे. तार तुटल्यावर दोन यंत्रे बराच वेळ एकमेकांकडे बोट दाखवत राहत, आणि पॅकेट त्यांच्यामध्ये येरझाऱ्या घाली.

१९७९ मध्ये बोल्ट, बेरानेक अँड न्यूमनच्याच जॉन मॅकक्विलन, आयरा रिशर आणि एरिक रोझेन यांनी ही पद्धत मुळापासून बदलली. आता प्रत्येक यंत्राने फक्त स्वतःपुरते बोलायचे: माझ्या तारा इतक्या, आणि त्यांवर सध्या इतका वेळ लागतो. मात्र ही खबर जाळ्यातल्या प्रत्येक यंत्रापर्यंत जशीच्या तशी पोचली पाहिजे. सगळ्यांच्या खबरा एकत्र केल्या की प्रत्येकाच्या हातात संपूर्ण जाळ्याचा नकाशा येतो, आणि त्यावरून जवळचा रस्ता ज्याने त्याने काढायचा. रस्ता काढण्याचे गणित तयारच होते. एड्सगर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने ते १९५६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या एका कॅफेत वाग्दत्त वधूबरोबर कॉफी पिता पिता, कागद-पेन्सिल न घेता वीसेक मिनिटांत मनातल्या मनात सोडवले होते. प्रात्यक्षिकासाठी त्याने नेदरलँड्सच्या नकाशावरची ६४ गावे घेतली, कारण ६४ गावांना क्रमांक द्यायला सहा बिट पुरतात.

सहा बिट आणि ६४. हाच आकडा अर्पानेटला पुढे महागात पडला.

नव्या पद्धतीचा सगळा भार एका प्रश्नावर येऊन पडतो. एकाच यंत्राच्या दोन खबरा हातात आल्या, तर त्यातली नवी कोणती? खबर अनेक वाटांनी येते. जुनी खबर लांबच्या वाटेने रेंगाळत नव्या खबरेच्या मागून येऊ शकते. तिला नवी समजून बसलात तर नकाशा चुकला. म्हणून प्रत्येक खबरेवर क्रमांक घालायचा. मोठा क्रमांक तो नवा. तो ठेवायचा आणि शेजाऱ्यांना कळवायचा, लहान असेल तो टाकून द्यायचा. इतके सरळ.

पण त्या काळी मेमरी सोन्याच्या भावाची होती, म्हणून क्रमांकाला सहाच बिट दिले होते: शून्यापासून ६३ पर्यंत. खबर निदान मिनिटातून एकदा निघे, तेव्हा तासाभरातच क्रमांक संपून पुन्हा शून्यावर येणार. मग शून्य हा ६३ च्या पुढचा धरायला हवा. आकडे सरळ रेषेवरून उतरून वर्तुळावर जाऊन बसले. वर्तुळावर पुढचे-मागचे ठरवणे म्हणजे सोमवार शनिवारच्या आधी येतो की नंतर, असे विचारण्यासारखे आहे. जवळचे अंतर ज्या बाजूने असेल ती बाजू धरायची, एवढाच तोडगा उरतो. अर्पानेटनेही तोच धरला: अर्ध्या वर्तुळापर्यंत, म्हणजे ३२ घरांपर्यंत जो पुढे, तो नवा.

आता ते तीन आकडे या नियमाने ताडून पाहा. ४० पेक्षा ४४ चार घरे पुढे, म्हणून ४४ नवा. ८ पेक्षा ४० बरोबर बत्तीस घरे पुढे, म्हणून ४० नवा. आणि ४४ वरून निघून ६३ ओलांडून ८ पर्यंत मोजले तर अठ्ठावीस घरे. म्हणजे ४४ पेक्षा ८ नवा! तिघांपैकी प्रत्येक जण दुसऱ्या कुणापेक्षा तरी नवा, आणि कायमचा जुना कुणीच नाही. एका यंत्राचे हे तीन क्रमांक एकाच वेळी जाळ्यात आले, तर ती शर्यत संपण्याचे कारणच नाही.

पण एकाच यंत्राचे असे तीन क्रमांक एकदम आले कुठून? हे आकडे यंत्राच्या लिपीत लिहिले की उत्तर डोळ्यांसमोर येते. ४४ म्हणजे १०११००. ४० म्हणजे १०१०००. ८ म्हणजे ००१०००. पहिल्यातला एक ‘१’ गळला की दुसरा आकडा, दुसऱ्यातला आणखी एक गळला की तिसरा. ५० क्रमांकाच्या शेजारचे, २९ क्रमांकाचे यंत्र त्या दिवशी हार्डवेअरच्या दुखण्याने आजारी होते. तारेवरून जाताना पॅकेट बिघडले तर ते ओळखण्याची सोय होती. मेमरीत पडून असताना बिघडले तर ते ओळखायची सोय नव्हती.

शेवटी तंत्रज्ञांनी प्रोग्रॅमला ठिगळ लावले, की ५० क्रमांकाच्या यंत्राची कुठलीही खबर आली तर तिच्याकडे दुर्लक्ष करा. हे ठिगळ यंत्रायंत्रात चढवले तेव्हा जाळे शुद्धीवर आले. पुढच्या वर्षी रोझेन यांनी या सगळ्या प्रकाराचा अहवाल लिहून आरएफसी ७८९ म्हणून खुला केला. आरएफसी म्हणजे इंटरनेट घडवणाऱ्यांची क्रमांक घातलेली, कुणालाही फुकट मिळणारी टिपणे. पहिले १९६९ चे. आपल्याच कंपनीच्या, आपणच रचलेल्या पद्धतीचा पंचनामा रोझेन यांनी इतका स्वच्छ केला आहे, की आजही तो राउटिंग शिकवणाऱ्यांच्या वाचनात असतो. माझ्या मते ओएसपीएफच्या प्रमाणीकरणाची सुरुवात तिथूनच झाली, जरी तेव्हा ओएसपीएफ हे नाव कुणाच्या स्वप्नातही नव्हते.

अहवाल वाचून कामाला लागलेल्यांत संगणकशास्त्रज्ञ रेडिया पर्लमन होत्या. १९८३ मध्ये त्यांनी निबंध लिहिला आणि प्रश्न असा मांडला: यंत्रे बिघडणार, हे धरूनच चाला, बिघडलेले यंत्र काढून टाकल्यावर जाळे माणसाच्या मदतीशिवाय आपोआप सावरले पाहिजे. वाचायला साधी वाटणारी ही अट फार कडक आहे. अर्पानेट तिच्यात नापास झाले होते. दुखणे एका यंत्राचे, पण विष सगळ्यांच्या मेमरीत. पर्लमन यांनी उपाय सुचवले, त्यात क्रमांकांची नवी रचना होती. यंत्र सुरू होताना क्रमांक एका सरळ दांडीवरून चढतो, मग वर्तुळात शिरतो आणि तिथेच फिरतो. दांडीवरचा कुठलाही क्रमांक वर्तुळातल्यापेक्षा जुनाच, त्यामुळे नुकतेच उठलेले यंत्र ओळखू येते. आकार लॉलीपॉपसारखा, म्हणून नावही तेच पडले.

ऐंशीच्या दशकात जाळी भराभर वाढली, आणि बहुतेक ठिकाणी राउटिंगसाठी ‘रिप’ नावाचा प्रोटोकॉल होता. झेरॉक्सच्या प्रयोगशाळेतून निघालेला हा प्रोटोकॉल बर्कली युनिक्सबरोबर फुकट मिळे, म्हणून सगळीकडे गेला. शेजाऱ्याच्या शब्दावर विसंबण्याची जुनीच पद्धत. पंधरा टप्प्यांपलीकडचे जग त्याला दिसत नसे, सोळा म्हणजे अनंत. गंमत अशी, की त्याचा अधिकृत दस्तऐवज १९८८ मध्ये निघाला, प्रोटोकॉल जगभर पसरल्यानंतर. चार्ल्स हेड्रिक यांनी चालू प्रोग्रॅम काय करतात ते पाहून नियम लिहून काढले. बाळंतपण आधी आणि लग्न नंतर, असा मामला.

हे पुन्हा नको होते. इंटरनेटची मानके ठरवणारी संस्था म्हणजे आयईटीएफ. १९८६ च्या जानेवारीत सॅन डिएगोला २१ जणांच्या बैठकीने ती सुरू झाली. तिला सभासदत्व नाही, मतदान नाही. खोलीतला कल अजमावायचा तर लोक हात वर करण्याऐवजी गुणगुणतात आणि अध्यक्ष आवाजावरून अंदाज घेतो. हे पोरकट वाटेल, पण त्यामागे धूर्तपणा आहे: कुणी कुणाच्या बाजूने गुणगुणले ते कळत नाही, आणि डोकी मोजून अल्पमताला गप्प करता येत नाही. अल्पमताच्या आक्षेपाला उत्तर द्यावेच लागते. दुसरी अट म्हणजे चालणारा प्रोग्रॅम दाखवा. राउटिंगच्या प्रोटोकॉलांसाठी तर १९९१ मध्ये वेगळ्या, जास्त कडक अटी छापल्या गेल्या. एकाहून अधिक, एकमेकांपासून स्वतंत्रपणे लिहिलेले प्रोग्रॅम हवेत, ते एकमेकांशी बोलून दाखवले पाहिजेत, जाळे मोठे झाल्यावर काय होते याचा हिशेब हवा, खऱ्या जाळ्यांतला अनुभव हवा.

‘स्वतंत्रपणे’ या शब्दात सगळे मर्म आहे. लेखकाने स्वतःच प्रोग्रॅम लिहिला तर दस्तऐवजात राहून गेलेली गोष्ट त्याच्या डोक्यात असतेच. तो नकळत ती भरून काढतो. तिऱ्हाईत माणूस केवळ कागद वाचून प्रोग्रॅम लिहितो, आणि दोघांची यंत्रे शेजारी ठेवल्यावर जिथे अडतात, तिथे कागदात भोक आहे असे समजायचे. ओएसपीएफच्या बाबतीत हे घडले. प्रोटिऑन कंपनीतले जॉन मॉय हे दस्तऐवजाचे लेखक. मेरीलँड विद्यापीठात रॉब कोल्टन यांनी कागदावरून आपला वेगळा प्रोग्रॅम लिहिला आणि तो खुला ठेवला. इतर कंपन्यांनी आपापले लिहिले. मग सगळ्यांची यंत्रे एका ठिकाणी आणून जोडायची, मुद्दाम तारा उपटायच्या, आणि कुणाचा नकाशा चुकतो ते पाहायचे.

पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९८९ मध्ये आरएफसी ११३१ म्हणून आली. तिच्यात क्रमांकांचे लॉलीपॉप होते. जुलै १९९१ मध्ये दुसरी आवृत्ती आली, आरएफसी १२४७, आणि तिच्यात लॉलीपॉप गेले होते. कारण उघड होते. दांडी कितीही लांब केली तरी वर वर्तुळ उरतेच, आणि वर्तुळ उरले की ८-४०-४४ चे भूतही उरते. दुसऱ्या आवृत्तीने वर्तुळच मोडून टाकले. क्रमांकाला ३२ बिट दिले आणि सरळ रेषा आखली: सुरुवात उणे २,१४,७४,८३,६४७ पासून, शेवट अधिक २,१४,७४,८३,६४७ वर. रेषेवर मोठा तो मोठाच. तीन आकडे एकमेकांच्या पाठीमागे गोल धावूच शकत नाहीत.

रेषा संपल्यावर काय? नियमानुसार एकाच गोष्टीची खबर पाच सेकंदांच्या आत दुसऱ्यांदा काढता येत नाही. इतक्या घाईने सतत खबरा काढत राहिले तरी रेषा संपायला सुमारे ६८० वर्षे लागतील. तरीही मॉय यांनी कलम लिहिले, की शेवटचा क्रमांक आला तर आधी ती खबर साऱ्या जाळ्यातून पुसून घ्या, सगळ्या शेजाऱ्यांची पोच येऊ द्या, आणि मगच पुन्हा उणे टोकापासून सुरू करा. ६८० वर्षांनी येणाऱ्या प्रसंगाची तरतूद कशाला, असे वाटेल. पण बिघडलेले यंत्र पहिल्याच मिनिटाला शेवटचा क्रमांक घेऊन उभे राहू शकते, आणि पर्लमन यांची अट पाळायची तर तेही धरून चालावे लागते.

रेषेचा एक तोटा आहे. राउटर बंद पडून पुन्हा उठला की स्वतःचा शेवटचा क्रमांक विसरलेला असतो. तो सगळ्यात लहान आकड्यापासून सुरुवात करतो, आणि जाळ्यात तर त्याचीच जुनी, मोठ्या क्रमांकाची खबर पडून असते. सगळे त्याला जुना ठरवून दुर्लक्ष करणार! यावरचा तोडगा मला साऱ्या दस्तऐवजात सर्वांत सुबक वाटतो. शेजारी त्याला त्याचीच जुनी खबर परत पाठवतात. राउटर ती ओळखतो, तिच्यावरचा क्रमांक वाचतो, त्यात एक मिळवतो आणि नवी खबर काढतो. यंत्र विसरले तरी जाळ्याला आठवत असते.

आणि मेमरीतल्या गळतीचे काय? प्रत्येक खबरेबरोबर एक ताळा जातो. मजकुराच्या बेरजेवरून काढलेला हा आकडा खबरेच्या मूळ धन्यानेच घातलेला असतो, आणि वाटेतल्या कुणी तो बदलायचा नाही. खबरेचे वय तेवढे वाटेत वाढत असल्यामुळे ते या ताळ्यातून मुद्दाम वगळले आहे. इतक्यावर न थांबता, आपल्याच मेमरीत ठेवलेल्या प्रत्येक खबरेचा ताळा दर पाच मिनिटांच्या वयाला राउटरने पुन्हा करून पाहायचा असतो. तो चुकला तर मेमरी बिघडली असे समजून राउटर पुन्हा सुरू करण्यापर्यंत मजल जाऊ शकते. हे कलम एरवी वाचणाऱ्याला अतिदक्षतेचे वाटेल. २९ क्रमांकाच्या यंत्राची हकीकत ठाऊक असलेल्याला वाटणार नाही.

वयाचाही नियम आहे. धन्याने दर अर्ध्या तासाने खबर ताजी करायची. तासभर ताजी झाली नाही तर ती मेली समजून सगळ्यांनी टाकून द्यायची. शिवाय एका राउटरकडून दुसऱ्याकडे जाताना वय थोडे तरी वाढलेच पाहिजे, म्हणजे खबर चुकून गोल गोल फिरू लागली तरी म्हातारी होऊन संपेल.

इथून पुढचा इतिहास पटकन सांगता येतो. मार्च १९९४ मध्ये आरएफसी १५८३, जुलै १९९७ मध्ये २१७८, आणि एप्रिल १९९८ मध्ये २३२८. या शेवटच्या २४४ पानी दस्तऐवजाला पूर्ण इंटरनेट मानकाचा दर्जा मिळाला. प्रत्येक वेळी दुरुस्त्या झाल्या, पण १९९१ च्या कागदावरून बनवलेला राउटर १९९८ च्या राउटरशी बोलू शकेल, हे पथ्य पाळले गेले. त्यातली एक दुरुस्ती पुण्या-मुंबईत नेटवर्कचे काम करणाऱ्या कुणालाही ओळखीची वाटेल. दोन शेजारी राउटरांवर पॅकेटच्या कमाल आकाराची मर्यादा वेगवेगळी बसवली गेली, तर छोटी ‘हॅलो’ पॅकेटे सुखरूप जातात, दोघे एकमेकांना ओळखतात, आणि नकाशाची देवघेव सुरू झाली की मोठी पॅकेटे वाटेत गळतात. बाहेरून सगळे ठीक दिसते आणि काम मात्र होत नाही. १९९७ पासून दोघांनी आपली मर्यादा आधीच सांगावी, असा रकाना आला. आता जोडणी सुरुवातीलाच, ‘एक्सस्टार्ट’ नावाच्या अवस्थेत अडकते. अडते ते अडतेच, पण कुठे अडले ते दिसते.

दुसरी दुरुस्ती मानकांच्या स्वभावाविषयी बरेच सांगून जाते. बाहेरच्या जाळ्यांकडे जाणारा रस्ता निवडण्याच्या १९९४ च्या नियमात खोट निघाली. विशिष्ट परिस्थितीत पॅकेट गोल फिरू शके. नवा नियम लिहिला. पण निम्मे राउटर जुन्या नियमाने आणि निम्मे नव्याने चालले, तर तेही पॅकेट गोल फिरवणार. म्हणून दस्तऐवजात एक कळ ठेवावी लागली: ‘आरएफसी १५८३ शी जुळवून घ्या’. ती मुळात चालूच असते, म्हणजे कुणी मुद्दाम बंद करीपर्यंत राउटर जुन्या, खोट असलेल्या नियमानेच चालतो. बरोबर असण्यापेक्षा सगळे सारखे असणे इथे महत्त्वाचे ठरले, आणि ते योग्यच होते.

ओएसपीएफला भाऊबंदही होता. डिजिटल इक्विपमेंट कंपनीत, पर्लमन यांच्या कामाच्या आधारावर, ‘आयएस-आयएस’ नावाचा त्याच जातकुळीचा प्रोटोकॉल तयार झाला आणि आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने तो स्वीकारला. इंटरनेटने यातला कोणता घ्यावा यावर आयईटीएफमध्ये बरीच वादावादी झाली. १९९२ मध्ये सामायिक प्रोटोकॉल म्हणून ओएसपीएफची शिफारस झाली. दोन्हींचे गणित एकच असताना इतकी शक्ती खर्च करायची गरज होती का, असा प्रश्न मला पडतो. शिफारशीचा परिणामही अर्धाच झाला: कचेऱ्या आणि कंपन्या ओएसपीएफकडे गेल्या, पुष्कळशा बड्या इंटरनेट कंपन्यांच्या पोटात मात्र आयएस-आयएस चालू राहिला.

पूर्ण मानक झाले म्हणजे काम संपले, असेही नाही. एकाच क्रमांकाच्या दोन खबरा आल्या तर मॉय यांच्या नियमाप्रमाणे ताळा पाहायचा, तोही सारखा असेल तर वय पाहायचे, आणि वयातही फारसा फरक नसेल तर दोन्ही खबरा एकच समजायच्या. बिघडलेल्या यंत्राविरुद्ध हा नियम भक्कम आहे. लबाड माणसाविरुद्ध नाही. २०११ मध्ये लास व्हेगासच्या ब्लॅक हॅट या संगणक-सुरक्षेच्या परिषदेत गॅबी नाकिब्ली या इस्रायली संशोधकाने ते दाखवून दिले. जाळ्यातला एखादा राउटर ताब्यात आला, की दुसऱ्याच्या नावाने खोटी खबर काढता येते. खरा धनी ती पाहतो आणि लगेच एक मिळवून खरी खबर काढतो. हीच ती सुबक युक्ती. पण आता त्या खऱ्या खबरेचा क्रमांक हल्लेखोराला आधीच ठाऊक आहे. तो त्याच क्रमांकाची, भरताड घालून ताळाही जुळवलेली खोटी खबर तयार ठेवतो आणि दूरच्या राउटरांना आधी पोचवतो. मागून खरी खबर आली तर ते म्हणतात, ही तर आमच्याकडे आहेच.

चोरट्याला जाळ्याबाहेर ठेवायचे तर राउटरांनी एकमेकांची ओळख पटवली पाहिजे. त्यासाठी मानकात सोय होती, पण तिची कुलपे जुनी झाली होती. २००९ च्या आरएफसी ५७०९ ने ती बदलली. तिच्या लेखकांत मानव भाटिया आणि विश्वास मनराल ही भारतीय नावे आहेत. पुढे २०१५ मध्ये आरएफसी ७४७४ आली, पुन्हा भाटिया यांच्या नावासह, आणि तिचा विषय काय असावा? क्रमांक! ओळख पटवणाऱ्या पॅकेटांवरचा क्रमांक राउटर बंद पडून उठल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शके, आणि कुणी आधी टिपून ठेवलेले पॅकेट तेव्हा नवे म्हणून खपवता येई. उपाय म्हणून क्रमांक ६४ बिटांचा केला. त्यातले वरचे ३२ बिट हा राउटर आजवर किती वेळा सुरू झाला, याची नोंद ठेवतात. ही नोंद वीज गेली तरी पुसली जात नाही.

ओएसपीएफ आणि आयएस-आयएस यांचे आयईटीएफमधले कार्यगट २०१८ मध्ये एकत्र करण्यात आले. आता दोन्ही प्रोटोकॉलांच्या दुरुस्त्या एकाच मंडळासमोर येतात आणि एकाच पत्रसूचीवर त्यांची चिरफाड होते. त्या पत्रसूचीत सामील व्हायला फी नाही, पदवी लागत नाही, कुणाची शिफारस लागत नाही. नेटवर्कच्या अभ्यासक्रमातून ओएसपीएफ शिकलेली पुष्कळ मुले आज्ञा पाठ करतात आणि मूळ दस्तऐवज कधीच उघडत नाहीत. तो उघडावा. आरएफसी २३२८ मधले तेरावे प्रकरण खबरा कशा पसरवायच्या याचे आहे. त्यातल्या पहिल्याच पोटविभागात दोन खबरांपैकी नवी कोणती, याचे नियम दिले आहेत. वाचायला पाच मिनिटेही लागत नाहीत. मात्र त्याआधी रोझेन यांची आरएफसी ७८९ वाचून घ्या.